पंच्याहत्तरीच्या वाचकाला हाताने केलेली कोणती भेट द्यावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ऑगस्टच्या मध्यावर तुमचे वडील पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. ठाण्याच्या घरात त्यांची हजार-बाराशे पुस्तके आहेत, त्यामुळे नवे पुस्तक घ्यावे तर ते बहुधा त्यांच्याकडे आधीच असते. तुम्हाला स्वतःच्या हाताने काहीतरी करून द्यायचे आहे, शिवणकाम आणि कागदकाम बेताचे येते, हाताशी दीड महिना आहे आणि खर्च दोन हजारांच्या आत ठेवायचा आहे. जुन्या पुस्तकाचे घड्याळ, आतून पोखरलेल्या पुस्तकाची पेटी आणि पाने दुमडून केलेले शिल्प अशा तीन कल्पना तुम्ही पाहिल्या असून त्यांतली कोणती निवडावी, असे विचारले आहे. मी गेली बावीस वर्षे पुण्यात पुस्तकांची बांधणी आणि दुरुस्ती करते. माझे मत असे की या तिन्हींपैकी एकही करू नये. त्याची कारणे सांगते आणि त्याऐवजी काय करता येईल, तेही जरा विस्ताराने लिहिते.

तुमची खरी अडचण कल्पनांच्या तुटवड्याची नाही. पुस्तकप्रेमींसाठी म्हणून ज्या वस्तू सुचवल्या जातात, त्यांतल्या बहुतेक पुस्तकाच्या रूपावर बेतलेल्या असतात आणि वाचण्याच्या क्रियेशी त्यांचा काही संबंध नसतो, ही खरी अडचण आहे. ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली जी पाच सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांतले पहिलेच सूत्र ‘पुस्तके उपयोगासाठी आहेत’ असे आहे. भेटवस्तू निवडताना मी हीच कसोटी लावते. ज्या माणसाने पन्नास वर्षे पुस्तके जपली, त्याच्या भिंतीवर कापलेल्या पुस्तकाचे घड्याळ लावले तर तो तोंडावर ‘छान आहे’ म्हणेल, पण येता-जाता त्याची नजर त्या कापलेल्या कडेवरच जाईल. माझ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी निदान चौघांनी अशी भेट मिळाल्यावर मला हळूच विचारले आहे, की हे पुन्हा पुस्तक करता येईल का. करता येत नाही.

आता काय द्यावे, हे मात्र काही गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या तुम्हालाच पाहाव्या लागतील. वडील वाचक आहेत की संग्राहक? दोन्ही असू शकतात, पण वजन कुठल्या बाजूला आहे ते महत्त्वाचे. ते खुर्चीत बसून वाचतात, झोपाळ्यावर वाचतात की पडून? हात थरथरतो का, जाड पुस्तक पेलते का, चष्मा बदलल्यापासून बारीक टाइपाची पुस्तके बाजूला पडली आहेत का? पुस्तके उसनी देतात का, आणि ती परत आली नाहीत की चिडतात का? आठवडाभर काहीही न विचारता नुसते पाहा. माझा अनुभव असा, की हजार पुस्तकांच्या घरात एक तरी पुस्तक रबरबँड लावून किंवा सुतळीने बांधून ठेवलेले असते. ते सापडले की निम्मे काम झाले, कारण जे पुस्तक सुटे झाल्यावरही टाकून दिलेले नाही आणि कपाटाच्या वरच्या खणातही गेलेले नाही, ते त्यांना अजून लागते.

पोथ्यांच्या शेवटी लेखनिक एक श्लोक लिहीत असत, तो तुम्ही वाचला असेल: ‘तैलाद् रक्षेज्जलाद् रक्षेद् रक्षेच्छिथिलबन्धनात् । मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम् ॥’ तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून मला राखा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका, असे पुस्तक म्हणते. आमच्या धंद्याचा सगळा अभ्यासक्रम या दोन ओळींत आला आहे. तुमच्यासारख्याला घरी करता येण्याजोग्या भेटींची यादीही त्यातूनच निघते, म्हणून तिसऱ्या धोक्यापासून, म्हणजे सैल बांधणीपासून, सुरुवात करते.

ते रबरबँडचे पुस्तक हाती आले, तर ते लगेच नव्याने बांधायला काढू नका. नवशिक्या हाताने जुन्या पुस्तकाची बांधणी उसवणे म्हणजे पुस्तक पणाला लावणे आहे. जुन्या मराठी पुस्तकांपैकी बऱ्याच पुस्तकांचा कागद लाकडाच्या लगद्याचा आणि आम्लयुक्त असतो, तो पिवळा पडून इतका ठिसूळ होतो की सुई टोचली तर भोकाच्या रेषेवर पान तुटते. शिवाय अशा पुस्तकांत वाचकाचे स्वतःचे बरेच काही असते. आपल्याकडे पहिल्या कोऱ्या पानावर नाव, तारीख आणि पुस्तक कुठे घेतले ते लिहायची पद्धत आहे. बांधणारा नवे अस्तर लावतो, तेव्हा नेमके तेच पान जाते. धंद्याच्या तिसऱ्या वर्षी माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक वडिलांचा शब्दकोश घेऊन आले होते. मी मन लावून शिलाई केली, आणि कडा सरळ दिसाव्यात म्हणून यंत्रावर बाहेरच्या बाजूने चार मिलिमीटर कापले. त्यांच्या वडिलांनी समासात पेन्सिलीने अर्थ लिहून ठेवले होते, त्या प्रत्येक ओळीचे शेवटचे एक-दोन वर्ण कापले गेले. सरांनी पुस्तक उघडले, पाच-सहा पाने पाहिली आणि कापलेल्या पट्ट्या मिळतील का एवढेच विचारले. त्या तोवर रद्दीच्या पोत्यात जाऊन पोतेही गेले होते. तेव्हापासून विचारल्याशिवाय मी कुठल्याही पुस्तकाच्या कडा कापत नाही.

म्हणून पहिली सूचना अशी, की पुस्तक आहे तसेच ठेवा आणि त्याला मापाचे घर करून द्या. आम्ही याला चार पाकळ्यांचे वेष्टन म्हणतो. जाड कागदाच्या दोन पट्ट्या एकमेकींवर फुलीसारख्या ठेवून मध्ये चिकटवायच्या, पुस्तक मधल्या चौकोनात ठेवायचे आणि चारही बाजू एकामागून एक वर दुमडायच्या, एवढीच त्याची रचना. यात पुस्तकाला डिंकाचा थेंबही लागत नाही आणि मनात आले की ते मोकळे करता येते. कागद अडीचशे ते तीनशे ग्रॅमचा (दर चौरस मीटरला) हवा. चिंध्यांपासून केलेला हातकागद उत्तम, कारण त्यात लाकडाचे लिग्निन नसते, त्यामुळे तो पिवळा पडत नाही आणि पुस्तकालाही पिवळे करत नाही. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातही हाताने कागद करण्याचे काम पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे. ठाण्यात चित्रकलेच्या साहित्याच्या मोठ्या दुकानातही असा कागद मिळू शकेल.

मापे उदाहरणाने सांगते, म्हणजे घोटाळा होणार नाही. समजा पुस्तक १८० मिलिमीटर उंच, १२० रुंद आणि २५ जाड आहे. उभी पट्टी १२१ रुंद घ्या. तिच्या लांबीत मधला भाग १८२, त्याच्या वर आणि खाली जाडीसाठी २५-२५, आणि पुढे दोन्हीकडे ८०-८० च्या पाकळ्या, म्हणजे एकूण ३९२. आडवी पट्टी १८३ रुंद. तिचा मधला भाग १२२, दोन्हीकडे जाडीसाठी २७-२७, डावी पाकळी ८० आणि उजवी, जी सर्वांत वर येणार, ती ११८, म्हणजे एकूण ३७४. आडव्या पट्टीत जाडीसाठी दोन मिलिमीटर जास्त का, तर तिच्या आत उभ्या पट्टीच्या दुमडलेल्या कागदाचीही जाडी येते. हे दोन मिलिमीटर विसरले की वेष्टन फुगते आणि कोपरे फाटतात. माझ्याकडे शिकायला येणारी बहुतेक मुले पहिल्या वेळी इथेच चुकतात. पुस्तक मोजताना पट्टीवर भरवसा ठेवू नका. कागदाची अरुंद पट्टी पुस्तकाभोवती गुंडाळून तिच्यावर पेन्सिलीने खुणा करा, कारण जुने पुस्तक पाठीकडे एका जाडीचे असते आणि उघडत्या बाजूला दुसऱ्याच. जाडीसाठी त्यांतली मोठी असेल ती धरा.

घडी घालण्यापूर्वी लोखंडी पट्टी लावून तिच्या कडेने कागदावर दाबरेघ ओढावी लागते. आम्ही त्यासाठी हाडाची पट्टी वापरतो, घरी संपलेल्या बॉलपेनचे टोक चालते. मग घडी घातली की ती काचेसारखी सरळ बसते. सर्वांत वरच्या पाकळीला सुती फीत लावा आणि ती पुस्तकाभोवती फिरवून बांधा. धातूचे बटण, स्टेपलची पिन किंवा चुंबक लावू नका. ठाण्याच्या हवेत धातू दोन पावसाळ्यांत गंजतो आणि गंजाचा डाग कागदातून जात नाही. पुस्तकात आधीची चिकटपट्टी असेल तर तीही ओढून काढू नका. पारदर्शक चिकटपट्टीचा डिंक काळानुसार पिवळा पडून कागदात उतरलेला असतो आणि ओढली की ती अक्षरेही बरोबर घेऊन येते.

या वेष्टनाला बाहेरून कापड लावले की ते खऱ्या अर्थाने भेट दिसते. इथे तुमचे शिवणकाम कामी येईल. आई असतील तर त्यांच्या जुन्या इरकलीचा किंवा खणाचा तुकडा मागून घ्या, मात्र तो कशासाठी हवा ते त्यांना सांगून ठेवा. कापड थेट कागदावर चिकटवले तर खळ विणीतून वर येते आणि ओले डाग कायमचे राहतात. म्हणून कापडाला आधी पाठीमागून पातळ कागदाचे अस्तर द्यावे लागते. काचेवर किंवा गुळगुळीत ओट्यावर कापड उलटे पसरून पाण्याचा फवारा मारा आणि हाताने आडवे-उभे धागे सरळ करा. खणाच्या बाबतीत हे नीट करा, कारण त्यातली बारीक नक्षी तिरकी झाली की ती लपत नाही. दुसरीकडे पातळ कागदाला खळ लावा, तो उचलून कापडाच्या पाठीवर अलगद ठेवा आणि कोरड्या ब्रशने मधून कडेकडे दाबत न्या. कागदाच्या कडा कापडाबाहेर दोन बोटे राहू द्या, म्हणजे त्या ओट्याला चिकटून कापड ताणलेल्या स्थितीत वाळते. दुसऱ्या दिवशी सुरीने सोडवले की हातात पोस्टकार्डासारखे ताठ कापड येते. ते पाहिजे तसे कापा, धागा सुटत नाही.

खळ घरीच करा. एक वाटी मैद्याला पाच ते सहा वाट्या पाणी घ्यायचे, आधी थंड पाण्यात गुठळ्या मोडायच्या, मंद आचेवर ढवळत राहायचे आणि मिश्रण पांढरे राहिले नाही, अर्धपारदर्शक झाले, की उतरवायचे. गार झाल्यावर फडक्यातून गाळा. ती एक-दोन दिवस टिकते. पूर्वीचे बांधणीवाले कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालत असत. मला शिकवणारे काकाही घालायचे. तुम्ही घालू नका, कारण ते विषारी आहे आणि त्यातल्या तांब्यामुळे कागदही लवकर खराब होतो. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद पुठ्ठ्यासाठी चांगला आहे, पण पुस्तकाच्या मूळ पानांना तो कधीही लावू नये. खळ ओली केली की सुटते. तो गोंद एकदा वाळला की पाण्याने सुटत नाही, आणि उद्या कुणाला ती दुरुस्ती उलटवायची झाली तर वाट बंद होते.

रबरबँडचे पुस्तक सापडलेच नाही, तर दुसरी वाट दिवाळी अंकांची आहे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढल्यापासून मराठी घरांत हे अंक साठत आले आहेत, आणि वडिलांच्या पिढीतल्या वाचकाकडे माळ्यावर त्यांचा गठ्ठा हमखास असतो. जुने अंक मधोमध पिनांनी टाचलेले असतात आणि पिना गंजून मधले पान सुटलेले असते. पाच-सहा अंकांच्या पिना मागून उचकटून काढायच्या, त्याच भोकांतून मेण लावलेल्या सुती दोऱ्याने प्रत्येक अंक स्वतंत्र शिवायचा आणि सगळे एका मापाच्या खोक्यात ठेवायचे, एवढे तुम्हाला नक्की जमेल. त्यांचा एकत्र जाड खंड बांधण्याचा मोह टाळा, कारण पंच्याहत्तरीच्या हातांना तो पेलणार नाही. जाहिरातींची पाने तर अजिबात काढू नका. साबणाच्या आणि घड्याळांच्या जाहिराती पाहतच अर्धी संध्याकाळ जाते, असे मी अनेकांच्या घरी पाहिले आहे.

वडील पुस्तके उसनी देणारे असतील, तर श्लोकातल्या चौथ्या धोक्यावर, म्हणजे मूर्खांच्या हातावर, एक गमतीदार पण उपयोगी इलाज आहे. तो म्हणजे हाताने बांधलेली ‘उसनी पुस्तके’ नावाची वही आणि तिच्याबरोबर एक शिक्का. वहीत पुस्तकाचे नाव, नेणाऱ्याचे नाव, दिल्याची तारीख, परत आल्याची तारीख आणि शेवटचा रकाना ‘कोणत्या अवस्थेत’. हा शेवटचा रकाना मी एका ग्रंथपालबाईंना करून दिला होता. त्यात त्यांनी ‘हळदीचा डाग, पान ४१’ असे लिहिलेले पुढे मला दाखवले. शिक्क्यावर वडिलांचे नाव आणि ‘यांच्या संग्रहातून’ एवढे पुरे. घरी लिनोच्या (कोरता येणाऱ्या मऊ लिनोलियमच्या) तुकड्यावर अक्षरे उलटी कोरून तो करता येतो, किंवा शिक्केवाल्याकडून दोन-तीनशे रुपयांत होतो. मात्र साध्या स्टॅम्पपॅडची जांभळी शाई पातळ कागदातून पलीकडे फुटते. म्हणून शिक्का पुस्तकावर न मारता हातकागदाच्या छोट्या चिठ्ठ्यांवर मारा, आणि चिठ्ठी फक्त वरच्या कडेला खळ लावून आतल्या बाजूला चिकटवायची असते, हे वडिलांनाही सांगा.

वहीची बांधणी नवशिक्यासाठी उत्तम सराव आहे, पण कागद घेताना एक गोष्ट जपा. कागदातले तंतू एका दिशेला लागलेले असतात, त्याला आम्ही ग्रेन म्हणतो, आणि ती दिशा पुस्तकाच्या पाठीला समांतर हवी. बाजारात मिळणाऱ्या ए-४ कागदात ती बहुधा लांबीच्या दिशेने असते. तो कागद मधोमध दुमडला की ग्रेन आडवा येतो, वही नीट उघडत नाही आणि पावसाळ्यात पाने पाठीकडे लाटांसारखी होतात. पुष्कळ जण हौसेने केलेल्या वह्या माझ्याकडे आणतात, त्यांतल्या निम्म्यांचे दुखणे हेच असते. म्हणून मोठे ताव घ्या, ते हलकेच दोन्ही दिशांना वाकवून पाहा, ज्या दिशेने सहज वळतात तिकडे घडी येईल असे कापून घ्या. चार कागद एकात एक दुमडले की सोळा पानांचा एक फर्मा होतो, असे आठ फर्मे केले की १२८ पाने होतात, आणि उसन्या पुस्तकांना तेवढी बहुतेक जन्मभर पुरतात. पुठ्ठा दोन मिलिमीटरचा, उंचीला पानापेक्षा सहा मिलिमीटर जास्त म्हणजे वर-खाली तीन-तीनचा छज्जा राहतो, रुंदीला पानाएवढाच, आणि पाठीची पट्टी व पुठ्ठा यांच्यामध्ये सात-आठ मिलिमीटरची खाच. ही खाच कमी पडली तर वही उघडताना पहिले पान ओढले जाते. बाकी शिलाई हाताने दाखवावी लागते, ती लिहून समजत नाही, म्हणून त्यावर मी इथे थांबते.

लहान भेटींपैकी मला स्वतःला पानदाब फार आवडतो. हातभर लांब, दोन बोटे रुंद अशी कापडी नळी शिवायची, ती आतून भरायची आणि उघड्या पुस्तकावर आडवी ठेवायची, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहून जेवताना किंवा चहा पिताना वाचता येते. बाळाच्या उशीसारखी मोहरी भरावी असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले होते, आणि पहिली नळी मी तशीच केली. मोहरी हलकी पडते, तिला किडे लागतात, आणि दाबाने तिचे तेल कापडातून कागदावर उतरते, म्हणजे श्लोकातला पहिलाच धोका आपण घरी शिवून आणतो. धुऊन, उन्हात किंवा तव्यावर पूर्ण कोरडी केलेली चाळलेली वाळू दुहेरी पिशवीत भरा. वजन अडीचशे-तीनशे ग्रॅमच्या आसपास असावे. त्याहून जास्त झाले तर पुस्तकाच्या पाठीवर ताण येतो.

वडील नित्याची पोथी वाचत असतील, तर तिच्यासाठी नवे बासन शिवा. ‘बासनात गुंडाळणे’ हा वाक्प्रचार आपण एखादी योजना अडगळीत टाकण्यासाठी वापरतो. बासनाचे काम मात्र नेमके उलटे आहे, रोज उघडायची वस्तू धूळ आणि ओलीपासून राखणे. पेशवे दफ्तरातले मोडी कागदही अशाच कापडी रुमालांत बांधून ठेवलेले असतात. कापड सुती हवे, दोन वेळा धुऊन खळ काढलेले हवे आणि रंग जाणारे नको. लाल मांजरपाट वापरायचे असेल तर आधी पांढऱ्या ओल्या फडक्यावर घासून पाहा. त्याच कापडाच्या उरलेल्या तुकड्यांत वेखंडाच्या पुड्या शिवून कपाटाच्या कोपऱ्यांत ठेवता येतील. कडुनिंबाची पाने पुस्तकाच्या आत घालण्याची सवय बऱ्याच घरांत असते, पण ओलसर पानांचे डाग पडतात. पानेही पुडीतच ठेवावीत. अर्थात वेखंडाने कसर थोडी दूर राहते, बुरशी मात्र दूर राहत नाही. तिच्यासाठी कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढणे आणि कोरड्या दिवशी दारे उघडी ठेवणे हाच उपाय आहे.

वाचनखुणांबद्दल एवढेच, की त्या पातळ असाव्यात. चामड्याच्या, मण्यांच्या, धातूच्या खुणा दिसायला सुरेख असतात आणि पुस्तकाच्या पाठीत दरवेळी पाचर मारतात. आधी सांगितलेल्या अस्तर लावलेल्या कापडाच्या पट्ट्या उरतील, त्यांच्याच खुणा करा.

आता तुमच्या मूळ तीन कल्पनांकडे येते. पुस्तक कापणे हे पाप आहे असे मी म्हणत नाही. रद्दीत दर आठवड्याला जुन्या गाइडांचे आणि कालबाह्य निर्देशिकांचे ढीग जातात. त्यांतले एखादे पोखरून पेटी केली तर जगाचे काही बिघडत नाही, आणि पुतण्याला किंवा मित्राला ती द्यायला मजेची आहे. पण वडिलांच्या संग्रहातले, किंवा त्यांना ओळखू येईल असे कुठलेही पुस्तक त्यासाठी घेऊ नका. दुमडलेल्या पानांचे शिल्प तर एका पावसाळ्यात सैल पडते आणि त्याच्या घड्यांत धूळ बसते, जी झटकण्याचे काम बहुधा आईंकडे येते.

तुमच्या जागी मी असते तर चार पाकळ्यांचे वेष्टन आणि उसन्या पुस्तकांची वही अशा दोनच गोष्टी केल्या असत्या. पहिला आठवडा पाहण्यात आणि पुस्तक शोधण्यात घालवा. वेष्टनासाठी पुस्तक वडील दुपारी झोपले असताना फक्त अर्धा तास मोजायला घ्या. घरातून दोन दिवस गायब केले तर त्यांना कळेलच, आणि पंच्याहत्तरीचा वाचक हरवलेल्या पुस्तकासाठी घर डोक्यावर घेतो. दुसऱ्या आठवड्यात रद्दी कागदाचे एक कच्चे वेष्टन करून माप तपासा, तिसऱ्यात कापडाला अस्तर द्या, आणि उरलेले दिवस वहीला व वाळवण्याला ठेवा.

या वाळवण्याला कमी लेखू नका. जुलैत ठाण्याच्या हवेत खळ लावलेला पुठ्ठा माझ्या उन्हाळ्यातल्या अंदाजापेक्षा तिप्पट वेळ घेतो, आणि वरून कोरडा वाटला तरी आत ओला असतो. दोन सपाट फळ्यांमध्ये, वर-खाली कोरे टिपकागद घालून, पाट्याएवढे वजन ठेवा. टिपकागद पहिल्या दिवशी दर दोन तासांनी आणि पुढे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ बदला. हेअरड्रायरने घाई केली तर पुठ्ठा धनुष्यासारखा वाकतो. गालाला लावून गार लागला तर अजून ओल आहे असे समजा, आणि ओल पूर्ण जाईपर्यंत आत पुस्तक ठेवू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत तर नकोच.

पुस्तक सापडले की त्याची उंची, रुंदी आणि सर्वांत जास्त जाडी मिलिमीटरमध्ये कळवा, पट्ट्यांची मापे मी काढून देते. पानांच्या कडा नखाने हलकेच वाकवल्यावर तुटतात की वळतात, तेही पाहून लिहा. तुटत असतील तर कापडाचा नाद सोडून साधे कागदी वेष्टनच करू आणि वेष्टनाच्या आतल्या बाजूने एक मऊ हातकागदाचे आवरण घालू.